बुरुल एजे शर्यतीत उतरते

बिश्केकच्या कडेला नवी वस्ती उठली आहे. तिथं दामिराच्या घराच्या तळमजल्यावर शिवणाचा कारखाना चालतो. कारखाना म्हणायचं ते आपलं कौतुकानं. दाटीवाटीनं मांडलेली मशिनं, कोपऱ्यात वाफेत बुडालेला आसानकुल इस्त्रीवाला, आणि सगळ्यांच्या शेवटी, दाराजवळच्या टेबलाशी, कात्री घेऊन बसलेली बुरुल.

बुरुलचं काम धागे कापायचं. ब्लाउज शिवून झाला की त्याच्या प्रत्येक शिवणीतून धागे लोंबत असतात. ते छाटायचे, नग उलटासुलटा करून झटकायचा आणि इस्त्रीकडे ढकलायचा. याला ना शिक्षण लागतं ना मशीन. हे बुरुलला ठाऊक होतं, दामिराला ठाऊक होतं, आणि बुरुलचा नवरा एर्मेक तर रोज जेवताना हाच विषय काढायचा. "तुझं काम आपला बोकडसुद्धा करील," तो म्हणायचा, "आणि वर पगारही मागणार नाही." एर्मेक पूर्वी ट्रक चालवत असे. पाठीतली शीर दुखावल्यापासून तो गादीवर आडवा पडून फोन बघत असे आणि सगळ्या जगाला सल्ले देत असे. जग ऐकत नसल्यामुळे ते सगळे बुरुलच्या वाट्याला येत.

बुरुल चाळिशी ओलांडलेली, अंगानं चांगली भरलेली बाई. मोठ्या बाईला तिथं 'एजे', म्हणजे ताई, म्हणतात, आणि कारखान्यात सगळ्या तिला एजेच म्हणायच्या. हसायला लागली की टेबल हलायचं आणि टाचण्यांची डबी खाली पडायची. कारखान्यात येण्याआधी कैक हिवाळे ती दोर्दोय बाजारात लोखंडी कंटेनरच्या दुकानासमोर उभी राहून मोजे विकत होती. दुसऱ्यांच्या पायांत गरम मोजे घालता घालता तिची स्वतःची बोटं अशी बधिर व्हायची की रात्री घरी आल्यावर ती सगळी जागेवर आहेत ना हे तिला चाचपून बघावं लागे. म्हणून दामिराच्या कारखान्यातली ऊब, दोन वेळचा चहा आणि दिवसभराच्या गप्पा तिला स्वर्गासारख्या वाटत. या टेबलावरून आपल्याला पुन्हा त्या बाजारात जावं लागेल या नुसत्या विचारानं ती टेबलाला आणखी चिकटून बसायची.

आता एक गोष्ट अशी, की सगळ्यांच्या शेवटी बसणाऱ्या बाईला सगळ्यांच्या चुका दिसतात. कुणाची कॉलर वाकडी, कुणाचा खिसा उलटा. बुरुल त्यावर चकार शब्द काढत नसे. तो नग ती ॲप्रनखाली घालून उठायची, चहाला जाता जाता ज्या बाईचा असेल तिच्या मांडीवर टाकायची आणि वर दुधाची एक टॉफी ठेवायची. त्या बाईनं टॉफी तोंडात टाकायची, नग गुपचूप उसवायचा आणि पुन्हा शिवायचा. दामिराला पत्ता नाही. कारखान्यात अशी टॉफी खाल्ली नाही अशी एकही बाई नव्हती, आणि बाह्या जोडणाऱ्या कुंदुझनं तर इतक्या खाल्ल्या होत्या की एकदा तिची दाढ किडली. कुंदुझला तीन लहान पोरं, नवरा रशियात, झोपेचा ठणठणाट. डावी बाही उजवीकडे गेली तर त्यात नवल ते काय. बुरुलला मात्र आपण काही विशेष करतो असं कधी वाटलंच नाही. टॉफ्या आपल्याला आवडतात म्हणून आपण आणतो, एवढंच तिचं म्हणणं.

सप्टेंबरात एके दिवशी चहाच्या वेळी दामिरा खाली आली. दामिरा बाई करारी. वाईट नाही, पण बोलताना साखर पेरत नाही.

"बायांनो, सीमेपलीकडची ऑर्डर अर्ध्यावर आलीय," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून एकजण कमी करावी लागेल. कोण ते अजून मी ठरवलेलं नाही. चहा प्या."

कुणीही बुरुलकडे बघितलं नाही. सगळ्याजणी चहाच्या वाटीत असं काही निरखून बघू लागल्या की बुरुलला लगेच कळलं, नाव कुणाचं आहे ते.

घरी जाऊन तिनं एर्मेकला सांगितलं. एर्मेक तर अशा प्रसंगाची वाटच बघत होता. त्याच्या फोनमध्ये टाय लावलेला एक माणूस होता. नोकरी कशी टिकवावी हे तो रोज सकाळी सांगायचा. त्याला स्वतःला कुठं नोकरी होती असं दिसत नव्हतं, पण बोलायचा झकास.

"हे बघ, तो म्हणतो, माणसानं असं व्हावं की आपल्यावाचून मालकाचं पान हलू नये," एर्मेक म्हणाला. "दुसऱ्याचं कामही शिकून घ्यायचं. आपणहोऊन पुढं व्हायचं. आणि मुख्य म्हणजे काम दिसलं पाहिजे. तू काय करतेस ते मालकाला दिसतं का?"

"मी धागे कापते. कापल्यावर ते दिसत नाहीत, हेच तर काम आहे माझं."

"तिथंच तर घोडं पेंड खातंय," एर्मेक गंभीरपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून बुरुलनं कंबर कसली. आधी तिनं आसानकुलला चहाला पाठवलं आणि त्याची इस्त्री हातात घेतली. आसानकुल परत आला तेव्हा एका ब्लाउजच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. मग तिनं सगळ्यांच्या कात्र्या गोळा करून दगडावर घासल्या. त्या इतक्या बोथट झाल्या की दिवसभर बायका दातांनी धागे तोडत बसल्या. तिसऱ्या दिवशी तिनं कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशिनवर हात चालवून बघितला आणि स्वतःचीच ओढणी ब्लाउजला शिवून टाकली. मान मशिनला चिकटलेल्या अवस्थेत ती दामिराला म्हणाली, "एजे, मला एक सूचना करायची होती."

"आधी सुटून घे," दामिरा म्हणाली.

शेवटी कॉलर लावणारी नाझिरा हात जोडून तिच्यापुढं उभी राहिली. "एजे, तुझ्या पाया पडते. तू उपयोगी पडायचं थांबव. आमच्या नाकी नऊ आलेत."

सगळ्या हसल्या, बुरुलही हसली, टाचण्यांची डबी पडली. पण टायवाल्या माणसाची एक गोष्ट अजून करायची राहिली होती. काम दिसलं पाहिजे. त्या दिवशी दुपारी दामिरा खाली असताना बुरुलच्या हातात एक ब्लाउज आला, आणि त्याची डावी बाही उजवीकडं होती. बुरुलचा हात सवयीनं ॲप्रनकडे गेला. मग दोर्दोयचा वारा तिच्या पायांच्या बोटांत शिरला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, चांगलं मोठ्यानं, "कुंदुझ, अगं बाही उलटी लावलीस की."

मशिनं थांबली. दामिरानं नग हातात घेतला, मग गठ्ठा उपसला. आणखी दहा-बारा तसेच निघाले.

"झोप घरी काढून येत जा," दामिरा कुंदुझला म्हणाली. "इथं मी बाह्यांचे पैसे देते, डुलक्यांचे नाही."

कुंदुझच्या धाकट्याचा कान रात्रभर ठणकत होता. ती खाली मान घालून उसवत बसली आणि तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. बुरुलला त्या पाळ्या दिवसभर दिसत राहिल्या. त्या संध्याकाळी तिनं एर्मेकला सांगितलं, पुन्हा जर तो टायवाला माझ्या घरात बोलला तर फोन बोकडाला खायला घालीन.

दुसऱ्या दिवशी तिनं कुंदुझच्या मशिनवर एक टॉफी ठेवली. कुंदुझनं ती बोटानं परत सरकवली.

"ही चुकलेल्या नगाबरोबर येते, एजे. आज माझं काही चुकलेलं नाही."

"माझं चुकलंय म्हणून आणलीय," बुरुल म्हणाली.

कुंदुझनं मशीन सुरू केलं. ती टॉफी आसानकुलनं खाल्ली.

असे दोन-तीन उदास दिवस गेले आणि मग दामिरा हसत खाली आली. ती हसते हीच मोठी बातमी होती. तिचा नातू बायेल उभा राहू लागला होता. येत्या रविवारी सोकुलुक गावी, दामिराच्या सासरच्या घरी, त्याच्या पायांचा दोर कापायचा होता. काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोर बाळाच्या दोन्ही पायांना बांधतात, लांबून सगळे धावत येतात, जो पहिला पोचेल त्यानं दोर कापायचा, म्हणजे पोर आयुष्यात अडखळत नाही.

"बायकांच्या शर्यतीत आमच्या नात्यातल्या नटव्या नकोत," दामिरा म्हणाली. "माझ्या कारखान्यातल्या बायका धावतील. कापणारीचे गुण पोराला लागतात. लागायचे तर कष्टाचे लागू देत."

एर्मेकनं हे ऐकलं आणि तो पाठ विसरून उठून बसला. "अगं, जिच्यासारखा नातू व्हायचा तिला दामिरा कामावरून काढील का? सगळ्या भावकीत बोभाटा होईल, की पोराचा दोर कापला आणि महिन्याभरात कापणारी बेकार झाली. तिची सासू तिला उभी चिरेल. तू ही शर्यत जिंकलीस की तुझी नोकरी पक्की. मरेपर्यंत पक्की. पोराचं लग्न होईपर्यंत तर नक्कीच."

हा विचार टायवाल्या माणसाचा नव्हता, एर्मेकचा स्वतःचा होता, आणि म्हणूनच बहुधा तो खरा होता. बुरुलनं आपल्या पायांकडे बघितलं. ते पाय शेवटचे धावले होते ते शाळेत असताना, तेही कुत्रं मागं लागलं म्हणून.

पहाटे उठून ती कालव्याच्या कडेनं पळू लागली. पळू लागली म्हणजे, तिचा वरचा भाग पुढं निघायचा आणि बाकीची बुरुल मागून यायची. दोन चिनारांच्या मधलं अंतर गाठलं की ती तिसऱ्या चिनाराला मिठी मारून उभी राही. तिसऱ्या दिवशी धुक्यातून धप् धप् आवाज आला. समोरून नाझिरा येत होती, लालेलाल.

"मी दुधाला चाललेय," नाझिरा घाईनं म्हणाली.

"मीसुद्धा," बुरुल म्हणाली.

दोघींच्याही हातात भांडं नव्हतं. तेवढ्यात मागून आणखी पावलं वाजली. खिसे लावणारी, काजं करणारी, अस्तरवाली, एकेक करून सगळा कारखाना धुक्यातून बाहेर आला. कुणी सासऱ्याचे बूट घातले होते, कुणी पोराची टोपी. प्रत्येकीच्या घरी एकेक एर्मेक होता म्हणायचा. त्या पहाटे कालव्याच्या काठी जेवढं दूध आणायला बायका निघाल्या होत्या तेवढ्या दुधात सोकुलुकचं पोहण्याचं तळं भरलं असतं.

सगळ्यांच्या पुढं, हरणासारखी हलकी, कुंदुझ होती. तिनं बुरुलला पळताना बघितलं. तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. मग त्या तोंडाचा एक कोपरा थरथरला, मग दुसरा, आणि शेवटी ती कालव्याच्या कठड्यावर बसून पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

"एजे, तू पळतेस की कपाट सरकवतेस?"

"हस बाई, हस," बुरुल धापा टाकत म्हणाली. "मला बघून हसलीस ना, पळाल्याचं चीज झालं."

कुंदुझनं डोळे पुसले आणि ती पुन्हा गंभीर झाली. "शर्यतीत मी तुला सोडणार नाही, एजे. मला तीन पोरं आहेत."

"सोडूही नकोस," बुरुल म्हणाली, आणि तिनं ते मनापासून म्हटलं. कुणी जिंकायचं असेल तर कुंदुझनं जिंकावं, असं त्या क्षणी तिला वाटलं. दुसऱ्या क्षणी तिला बाजार आठवला आणि ती पुढच्या चिनाराकडे निघाली.

रविवार निळाभोर उगवला. सोकुलुकच्या अंगणात मोठ्या कढईत बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले जात होते, पाहुण्यांच्या गाड्या कुंपणाला टेकल्या होत्या, आणि कापणी झालेल्या रानाच्या टोकाला पांढऱ्या लोकरी नमद्याच्या बैठकीवर बायेल उभा होता. पायांत काळा-पांढरा दोर, तोंडात बोरसोक, मागून दामिराची सासू बाटमा आपा त्याला काखेत धरून. आपाच्या दुसऱ्या हातात सुरी होती. नमद्याच्या मागं नुकतंच बटाटे काढलेलं रान होतं, सगळं ढेकळांचं आणि चिखलाचं.

आधी पोरं धावली, मग पुरुष धावले, आसानकुल वाटेतच झोपल्यासारखा पडला. मग बायका उभ्या राहिल्या. कारखान्यातल्या सगळ्याजणी एकाच गाडीतून आल्या होत्या. बुरुल तेवढी एर्मेकला सांभाळत वेगळी आली होती. तिला वाटलं, या आपल्याशी जरा कमीच बोलतायत. वाटणारच, शर्यत म्हणजे शर्यत. एर्मेक काठी टेकत कुंपणापाशी उभा होता आणि ओरडून सांगत होता, "श्वास नाकानं घे." बुरुलला श्वास मिळेल तिथून हवा होता.

रुमाल पडला आणि बायका सुटल्या.

पहिल्या वीस पावलांतच बुरुल सगळ्यांच्या मागं पडली. समोर तिला नुसत्या टाचा दिसत होत्या, उडणारे घागरे, सासऱ्यांचे बूट, आणि सगळ्यांच्या पुढं कुंदुझची लांब वेणी. कुंदुझ तर वाऱ्यावर निघाली होती. संपलं, बुरुलच्या मनात आलं. थांबावं का? पण थांबायलासुद्धा एक ताकद लागते, आणि तिचे पाय तिचं ऐकत नव्हते, ते आपले सुटले होते. छातीत ढोल वाजत होता, एक बूट कुठंतरी राहिला होता, पाहुणे खदखदून हसत होते, आणि काय झालं कुणास ठाऊक, बुरुललाही हसू फुटलं. हसता हसता ती धावत राहिली.

कुंदुझ नमद्यापाशी पोचली. बाटमा आपानं सुरी पुढं केली. आणि कुंदुझ थांबलीच नाही. ती बाळाच्या उजव्या अंगानं सरळ पुढं निघून गेली, बटाट्यांच्या रानात. तिच्या मागून नाझिरा आली, तीही डावीकडून निघून गेली. मग खिसेवाली, काजंवाली, अस्तरवाली, एकूण एक बाई बाळाच्या दोन्ही बाजूंनी धडधडत गेली आणि ढेकळांत शिरली. कुणी थांबायचं नाव घेईना. बाटमा आपा सुरी घेऊन कधी उजवीकडे वळत होती, कधी डावीकडे.

"अगं, या कुठं चालल्या?" ती ओरडली. "पोर इथं आहे."

कुंदुझ तिकडून ओरडली, "आपा, ब्रेक लागत नाहीत."

बुरुल पोचली तेव्हा नमद्यापुढं कुणीच नव्हतं. बायेल होता, तोंडातला बोरसोक काढून तिच्याकडे टक लावून बघत होता. बुरुलनं मागं बघितलं, पुढं बघितलं. चिखलात गुडघ्यापर्यंत उभ्या असलेल्या, हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडणाऱ्या त्या बायका बघितल्या, आणि तिला सगळं समजलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हसणं मात्र थांबेना. दोन्ही एकदम चाललं होतं.

"काप गं बाई," बाटमा आपा तिच्या हातात सुरी कोंबत म्हणाली. "तूही पळून जायच्या आत काप."

बुरुलनं दोर कापला. बायेल दोन पावलं टाकून तिच्या मांडीवर आदळला आणि पाहुण्यांनी एकच कल्ला केला.

दामिरा जवळ आली. तिनं बुरुलचं मनगट धरून तिला जरा बाजूला घेतलं.

"किती चारलेस त्यांना?"

"काही नाही, एजे. मला ठाऊकसुद्धा नव्हतं."

दामिरा रानाकडं बघत राहिली. "मी तुझंच नाव ठरवलं होतं," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"एकेकीला तीन-तीन पोरं. कुणाच्या घरी नवरा नाही, कुणाचा असून नसल्यासारखा. प्रत्येकीला हा दोर हवा होता, मी काय आंधळी आहे? आणि या बाया चिखलात जाऊन उभ्या राहिल्या." मग ती रानाकडं वळून खेकसली, "ए, तुम्ही सगळ्या. हिवाळाभर शनिवारी कारखाना बंद. सगळ्यांचाच पगार थोडा थोडा कमी येईल, कमी कुणीच होणार नाही. पुढं कुणी माझ्याकडं कुरकुर करायला आलं तर मी या बटाट्यांकडं बोट दाखवीन."

"चालेल," रानातून सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या. कुणी विचार करायलाही थांबलं नाही. बहुतेक विचार गाडीतच झाला होता.

"आणि तू," दामिरा बुरुलला म्हणाली, "माझा नातू तुझ्यासारखा होणार म्हणे. म्हणजे आयुष्यभर शेवटचा येणार आणि तरी बक्षीस घेऊन जाणार. जा आता, आण त्यांना. जेवण थंड होतंय."

एक पाय बुटात आणि एक मोज्यात, अशी बुरुल रानात उतरली. कुंदुझ तिच्याकडं न बघता वेणीतला चिखल झटकत होती.

"तू म्हणालीस सोडणार नाही," बुरुल म्हणाली.

"सोडलं कुठं? पुढंच होते मी तुझ्या."

"गाडीत हिनं दम दिला होता," नाझिरा मध्येच बोलली. "म्हणाली, जी बाई पोरापाशी थांबेल तिच्याशी मी हिवाळाभर बोलणार नाही. मी तर थांबणारच होते गं, पण ही पुढून डोळे वटारून बघत होती."

"मागच्या आठवड्यात तुझ्यावर इतकी चिडले होते मी," कुंदुझ बुरुलला म्हणाली. "मग म्हटलं, हिच्या जागी दुसरी कुणी बसली तर रोजच असं ओरडेल. आणि ती हसवणारसुद्धा नाही."

बुरुलला काहीतरी बोलायचं होतं. तिनं तोंड उघडलं, पण कुंदुझच्या नाकावर चिखलाचा एवढा मोठा ठिपका होता की शब्दाऐवजी हसूच बाहेर पडलं. ती हसली, कुंदुझ हसली, नाझिरा खाली बसली. आणि हसता हसता बुरुलचे पाय गेले. ती सरीमध्ये फतकल मारून अशी काही रुतून बसली की तिला स्वतःहून उठता येईना. कुंदुझनं एक हात ओढला, नाझिरानं दुसरा, काही उपयोग झाला नाही. अंगणातून दामिरा जेवायला हाका मारत होती, आणि बुरुलला उठवायला सगळ्याजणी लागल्या.